‘कुठलाही कीबोर्ड चालतो’ हे खरे नाही

चांगला मेकॅनिकल कीबोर्ड दहा-पंधरा वर्षे सहज टिकतो. म्हणूनच तो थकतो तेव्हा त्याच्या जागी काय आणावे हा प्रश्न अवघड होतो. एकदा दाबलेली कळ दोनदा उमटू लागते, स्पेसबार एका बाजूने अडकतो, केबल जरा हलली की संगणकाला कीबोर्ड दिसेनासा होतो. डीटीपीचा ऑपरेटर असो, न्यायालयाच्या आवारातला टंकलेखक असो, अनुवादक असो की प्रोग्रॅमर, त्याला अशा वेळी चहूकडून एकच सल्ला मिळतो: कीबोर्ड तो कीबोर्ड. कळ दाबली की अक्षर उमटते, आणखी काय हवे? पाचशे रुपयांत नवा मिळतो, आठवडाभरात हात रुळतो. मेकॅनिकल हे गेम खेळणाऱ्या पोरांचे खूळ आहे, त्याच्या खडखडाटाने शेजारचा माणूस वैतागतो, आणि आता तर फोनवर बोलले तरी मजकूर तयार होतो. जुन्या कीबोर्डासाठी एवढा जीव टाकणे हा निव्वळ हळवेपणा आहे.

हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. तपासला तर त्यातले एकही विधान टिकत नाही. आणि त्याचा भार सल्ला देणाऱ्यावर पडत नाही. दिवसाचे पाच-सहा तास ज्याची बोटे कळांवर असतात त्याच्यावर पडतो.

पहिले विधान घ्यावे: कळ दाबली की अक्षर उमटते, बाकी सगळे सारखेच. पण अक्षर नेमके केव्हा उमटते? स्वस्त कीबोर्डात सगळ्या कळांखाली मिळून प्लॅस्टिकचे दोन पातळ पत्रे असतात. त्यांवर विद्युतवाहक शाईने रेषा छापलेल्या असतात आणि मध्ये छिद्रे असलेला तिसरा पत्रा असतो. प्रत्येक कळीखाली रबराची छोटी टोपी असते. ती चेपली जाऊन खालपर्यंत पोहोचली की वरचा पत्रा खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटते. म्हणजे कळ तळाला जवळजवळ आपटल्याशिवाय अक्षराची खात्री नाही. बोटाला हे शिकावेच लागते, आणि ते शिकले की प्रत्येक कळ गरजेपेक्षा जास्त जोराने मारली जाते.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात धातूची स्प्रिंग, वरखाली सरकणारा दांडा आणि धातूच्या पट्टीचा संपर्क असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचे १९८०च्या दशकात आलेले एमएक्स स्विच आजही या क्षेत्राची मोजपट्टी आहेत. त्यांत कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि अक्षर साधारण निम्म्यावर, २ मिलिमीटरच्या आसपास उमटते. उरलेले अंतर बोटाला सावरायला मिळते. लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम जोर लागतो आणि तो सरळ, अडथळ्याविना खाली जातो. तपकिरी स्विच सुमारे ५५ ग्रॅमचा. त्यात वाटेत एक हलका उंचवटा बोटाला जाणवतो. निळा सुमारे ६० ग्रॅमचा. त्यात उंचवटाही आहे आणि ‘टिक्’ असा आवाजही. काळा तितकाच जड, पण लालसारखा सरळ. आयबीएमच्या १९८५ च्या मॉडेल एममध्ये रचना आणखी वेगळी आहे. तिथे उभी स्प्रिंग ठरावीक दाबाला एकदम वाकते, तिच्या पायाशी असलेला छोटा हातोडा खाली आपटतो, आणि आवाज, बोटाला बसणारा झटका व अक्षर ही तिन्ही एकाच क्षणी घडतात. ज्याने वर्षानुवर्षे त्यावर काम केले त्याच्या बोटाला अक्षर उमटल्याचे डोळ्याआधी कळते. ही यंत्रे ‘सारखीच’ कशी म्हणायची? ज्या बोटाला साठ ग्रॅम आणि वाटेतली टिक् यांची सवय आहे, त्याच्याखाली अचानक रबराची टोपी ठेवली तर चुका वाढणार नाहीत तर काय होईल?

यावर उत्तर येते की आठवड्यात हात रुळतो. हात रुळतो, यात वाद नाही. माणूस बऱ्याच गोष्टींना रुळतो. पण रुळण्याचा हिशोब कोण मांडते? न पाहता टंकन करणाऱ्याचे कौशल्य त्याच्या शब्दांत नसते, बोटांत असते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी सराईत टंकन करणाऱ्यांना कोऱ्या कीबोर्डाच्या चित्रावर अक्षरांच्या जागा भरायला सांगितल्या, तेव्हा त्यांना २६ पैकी सरासरी १५ च्या आसपासच अक्षरे बरोबर जागी लिहिता आली. हीच माणसे टंकताना मात्र क्वचितच चुकत होती. जे ज्ञान मनाला सांगता येत नाही आणि बोटे मात्र बिनचूक वापरतात, ते समजावून बदलता येत नाही. ते हजारो आघातांनी पुन्हा घडवावे लागते, आणि त्या काळातल्या प्रत्येक चुकीची दुरुस्ती टंकलेखकाच्या वेळेतून होते. पानामागे मोबदला घेणाऱ्या ऑपरेटरला ‘रुळेल हात’ असे सांगणे म्हणजे त्याच्या खिशातून पैसे काढून घेणे आहे.

मराठीत काम करणाऱ्यासाठी तर हा प्रश्न अधिकच टोकदार आहे, आणि नेमकी तीच बाजू या चर्चेत कधी येत नाही. कीबोर्डाविषयीचा बहुतेक सल्ला इंग्रजी टंकन डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४ या मानकात आली. तिच्यात स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. काना इंग्रजी ‘ई’च्या कळीवर, हलंत ‘डी’वर आणि ‘म’ हा ‘सी’वर. रीतसर शिकलेल्या टंकलेखकाच्या हाताखाली या तिन्ही कळा डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे येतात. मराठीचे कोणतेही पान समोर घेऊन काने, जोडाक्षरे आणि म मोजून पाहावेत, म्हणजे त्या एका बोटावर किती ओझे पडते ते कळेल. ४५ ग्रॅम की ६० ग्रॅम, हा प्रश्न त्या बोटासाठी शौकाचा उरत नाही.

डाव्या करंगळीचेही तेच. ख, घ, छ, झ, थ, ध, भ, फ, तसेच श, ष आणि ळ ही सगळी अक्षरे उजव्या हाताच्या कळांवर आणि शिफ्टसोबत आहेत, म्हणजे दर वेळी डाव्या करंगळीला शिफ्ट धरावी लागते. युरोपीय धाटणीच्या कीबोर्डात डावी शिफ्ट अर्ध्यावर येते आणि तिच्या शेजारी एक जादा कळ बसवलेली असते. इंग्रजी लिहिणाऱ्याला मोठे अक्षर वाक्याच्या सुरुवातीला लागते. मराठी लिहिणाऱ्याला शिफ्ट एकाच शब्दात दोनदा लागू शकते. त्याच्या करंगळीला तो जादा ताण दिवसभर सोसावा लागतो. तरीही ‘मांडणीने काय फरक पडतो’ असे विचारले जाते.

उजवी कडा याहून निर्णायक आहे. इंग्रजीत तिथल्या कळांवर विरामचिन्हे आणि कंस आहेत, म्हणून लहान कीबोर्ड बनवणारे त्या कळा निःशंकपणे हलवतात, आक्रसतात, कधी गाळूनही टाकतात. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कडेला च आहे, ट आहे, ड आहे, आणि बॅकस्लॅशच्या कळीवर ‘ॉ’ आहे, जो डॉक्टर, कॉलेज, बॉल अशा रोजच्या शब्दांत लागतो. बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ‘ृ’ आहे. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसोबत ज्ञ, त्र, क्ष आणि श्र आहेत. उलट्या एलच्या आकाराची मोठी एंटर असलेल्या कीबोर्डात बॅकस्लॅश आपली जागा सोडून वर बॅकस्पेसजवळ किंवा दुसरीकडे कुठेतरी जातो, आणि बोट ‘ॉ’ शोधत बसते. इंग्रजीसाठी हा बदल किरकोळ आहे. मराठीसाठी तो एक स्वरचिन्ह हलवण्यासारखा आहे.

आकड्यांच्या स्वतंत्र पट्टीचीही हीच कथा. तिच्याविना येणारे ८७ कळांचे किंवा त्याहून छोटे कीबोर्ड टेबलावर जागा वाचवतात म्हणून ‘आधुनिक’ ठरवले जातात. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत आजही युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली उघडाव्या लागतात. त्या फॉन्टमधली काही चिन्हे ऑल्ट दाबून उजवीकडच्या पट्टीवर आकडे दिल्यावरच येतात. विंडोजमध्ये ही सोय वरच्या ओळीतल्या आकड्यांनी चालत नाही. हिशोब आणि बिलांचे काम तर वेगळे सांगायलाच नको. अशा ठिकाणी पट्टी नसलेला कीबोर्ड नेऊन देणे म्हणजे कामाचा एक भाग बंद पाडणे आहे.

आता पैशांचा मुद्दा, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन थांबतात. मिनिटाला ३० शब्द आणि शब्दामागे पाच कळा धरल्या तर मिनिटाला १५० आघात होतात. रोज निव्वळ चार तासांचे टंकन धरले तर ३६,००० होतात, आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर १ कोटी ८ लाख. हा वेग मुद्दाम बेताचा धरला आहे. रबराच्या टोपीच्या कीबोर्डाचे आयुष्य उत्पादक सामान्यतः कळीमागे ५० लाख ते १ कोटी आघात सांगतात. चेरी आपल्या एमएक्स स्विचसाठी किमान ५ कोटी सांगते. मात्र खरी तफावत आकड्यांपलीकडे आहे. रबर मोडण्याच्या फार आधी मऊ पडते, आणि ते सगळीकडे सारखे मऊ पडत नाही. कान्याची कळ एका जोराने, ‘झ’ची दुसऱ्याच जोराने दाबावी लागते. शिवाय आतला पत्रा एकसंध असल्याने चहाचा एक कप सांडला की सगळे एकदम जाते. तीन हजारांचा कीबोर्ड दहा वर्षे चालला तर कामाच्या दिवसाला एक रुपया पडतो. पाचशेचा दर दोन वर्षांनी बदलावा लागला तर दहा वर्षांत अडीच हजार गेलेच, आणि पाच वेळा हात नव्याने रुळवावा लागला तो वेगळा. यात काटकसर कुठे आहे?

खर्चाच्याच ओघात सर्वांत सोपी वाट विसरली जाते: जुना कीबोर्ड खरोखर संपला आहे का? एखादी कळ दोनदा उमटते म्हणजे बहुधा एका स्विचचा संपर्क धुळीने किंवा गंजाने बिघडलेला असतो. तो स्विच डिसोल्डर करून दुसरा बसवणे हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला जमण्यासारखे काम आहे, आणि सुटा स्विच थोडक्या पैशांत मिळतो. मॉडेल एममध्ये आतली प्लॅस्टिकची रिव्हेटे वयाने तुटतात. त्यांच्या जागी बारीक नटबोल्ट बसवून ते कीबोर्ड पुन्हा चालवले जातात. जुन्या गोल पिनेचा प्लग नव्या संगणकाला बसत नसेल तर संकेत बदलून देणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. केवळ आकार बदलणारा स्वस्त अ‍ॅडॉप्टर अनेकदा चालत नाही, आणि मग ‘कीबोर्ड मेला’ असा निकाल दिला जातो. एवढे तपासल्याविना नवे घेणे ही खरी उधळपट्टी.

खडखडाटाचा आक्षेप लवकर निकाली काढता येतो. ‘टिक्’ हा आवाज निळ्या स्विचच्या आतल्या एका सुट्या सरकत्या भागाचा आहे. तो त्या जातीच्या स्विचपुरता. लाल आणि तपकिरी स्विचमध्ये तो भागच नाही, आणि मूक लालमध्ये तर दांड्याला रबरी गाद्या असतात. उरलेला बराच आवाज कळ तळाला आपटण्याचा आणि स्पेसबारखालच्या तारेच्या खुळखुळाटाचा असतो. तारेला ग्रीस लावले की तो बराच कमी होतो. ज्या खोलीत चार माणसे बसतात तिथे निळा स्विच नको, हे म्हणणे रास्त आहे. त्यावरून मेकॅनिकलच नको, हे अजिबात निघत नाही.

‘हे गेमवाल्यांचे खूळ’ ही तर इतिहासाचीच चूक आहे. भारतात मेकॅनिकल कीबोर्ड रंगीत दिव्यांच्या कितीतरी आधी कामाच्या टेबलावर आला. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’, ज्यात चेरीचे निळे स्विच असत, बिलिंगच्या काउंटरवर, बँकांत, डेटा एंट्रीच्या खोल्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे खडखडत राहिला. कितीतरी टंकलेखकांचा ‘जुना आवडता’ हाच आहे. दिवे हे गेमिंगच्या बाजारपेठेने नंतर चढवलेले. स्विच कामाचाच होता.

बोलून लिहिण्याची सोय खरी आहे आणि निरोपासाठी उपयोगीही आहे. पण तक्ता बोलून भरता येत नाही, कोड बोलून लिहिता येत नाही, मुद्रितशोधनात ‘दिन’ की ‘दीन’ हे बोलून ठरत नाही, आणि गोपनीय दस्तऐवज भरल्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. कळांवर चालणारे काम संपलेले नाही.

शेवटचा प्रतिवाद अधिक चतुर आहे: एवढेच असेल तर तेच नाव पुन्हा विकत घ्यावे आणि विषय संपवावा. पण नावे टिकत नाहीत. आयबीएमने कीबोर्डाचा धंदा १९९१ मध्ये लेक्समार्ककडे दिला, लेक्समार्कने तो १९९६ मध्ये थांबवला, आणि अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन इथे युनिकॉम्प ही छोटी कंपनी ते यंत्र पुढे बनवत राहिली. म्हणजे यंत्र तेच, नाव वेगळे. उलट, फिल्को माजेस्टचसारखा नावाजलेला कीबोर्ड बनवणारी जपानची डायटेक कंपनी २०२४ मध्ये बंद झाली. चेरीच्या मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू अशा अनेकांनी त्याच मापाचे स्विच काढले. म्हणून नव्या निवडीत नावाला शेवटची जागा द्यावी. आधी जुन्याची एक कीकॅप उपटून खालच्या दांड्याचा रंग पाहावा: निळा, तपकिरी, लाल की काळा. मग कीकॅपचे प्लॅस्टिक पाहावे. एबीएस बोटांच्या घर्षणाने तुळतुळीत होते, पीबीटी बराच काळ खरखरीत राहते. रंग प्लॅस्टिकमध्ये मुरवून उमटवलेली अक्षरे पुसत नाहीत. चिकटवलेले देवनागरी स्टिकर मात्र कडांनी सुटतात आणि बोटाला लागतात. खालच्या ओळीतल्या कळांची मापे प्रचलित आहेत का तेही तपासावे, नाहीतर पुढे सुटी कीकॅप मिळत नाही. सोल्डरिंगविना स्विच बदलता येणारा कीबोर्ड मिळत असेल तर तोच घ्यावा. त्यात कान्याच्या आणि हलंताच्या कळीखाली हलका स्विच बसवता येतो, आणि दहा वर्षांनी बिघडलेला एकच बदलता येतो.

दुकानात चाचणी घ्यायची तर इंग्रजी वाक्य टंकून काही कळत नाही. इनस्क्रिप्ट लावून ‘डॉक्टर’, ‘कृषी’, ‘ज्ञान’ आणि ‘ऱ्हास’ हे चार शब्द न पाहता टंकावेत. पहिल्यात उजवी कडा, दुसऱ्यात बरोबरची कळ, तिसऱ्यात आकड्यांची ओळ आणि चौथ्यात शिफ्ट तपासली जाते. बोट एकदाही अडखळले नाही तर मांडणी जमली. मग परिच्छेदभर टंकून स्विचचे वजन पाहावे.

आणि हे सगळे व्यक्तीच्या आवडीपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्र शासनात लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग प्रमाणपत्राने सिद्ध करावा लागतो. राज्य त्याच्या बोटांची परीक्षा घेते. मग त्याच बोटांखाली संगणकाच्या खोक्यातून जो कीबोर्ड निघेल तो कसा काय चालतो? तीस शब्दांचा वेग मागणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, प्रत्येक प्रकाशकाने आणि प्रत्येक डीटीपीच्या मालकाने कीबोर्ड घेण्याआधी टंकलेखकाला विचारलेच पाहिजे, त्याच्या जुन्या कीबोर्डाचा स्विच आणि मांडणी नोंदवलीच पाहिजे, आणि खरेदीच्या कागदावर ‘कीबोर्ड, एक नग’ एवढेच न लिहिता स्विचचा प्रकार, एंटरचा आकार, डाव्या शिफ्टची लांबी आणि आकड्यांची पट्टी या चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत.